चेंडू फेकला की मारला?

२०१७ सालची गोष्ट. त्या वर्षीचे जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने आम्ही आयर्लंडमध्ये, टिपरारी काउंटीतील एका लहानशा धर्मग्रामात काढले. तेथील प्रमुख धर्मगुरू विश्रांतीसाठी गेले होते आणि त्यांच्या जागी मिस्साबली अर्पण करणे, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेणे, एखादा विवाह, एखादी अंत्यविधीची प्रार्थना, एवढे काम आमच्याकडे होते. ज्या देशाने एके काळी जगभर मिशनरी धाडले त्या देशाला आज बाहेरून धर्मगुरू बोलवावे लागतात, हा विषय निराळा. त्यावर पुन्हा केव्हा तरी लिहू. आज सांगायचे आहे ते एका खेळाविषयी.

चर्चच्या मागच्या भिंतीला लागूनच खेळाचे मैदान होते. आपल्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरेच लांब, जवळपास दीडशे मीटर, आणि दोन्ही टोकांना इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे उंच गोलखांब. पहिल्याच संध्याकाळी खिडकीतून पाहिले तर दहाबारा मुले हातात वाकड्या काठ्या घेऊन धावत होती. खेळ हॉकीचा म्हणावा तर चेंडू हवेत उडत होता. क्रिकेटचा म्हणावा तर यष्टी कोठेच दिसत नव्हत्या. एका मुलाने जमिनीवरचा चेंडू काठीच्या टोकाने असा काही उचलला, की आम्हाला लहानपणची विटी आठवली. त्याने तो हातात झेलला, पुन्हा वर उडवला आणि काठीने असा फटकावला की चेंडू साठ-सत्तर मीटर जाऊन दोन खांबांच्या मधून पार झाला. हाच तो हर्लिंगचा खेळ. त्या काठीला तिकडे हर्ली म्हणतात. आयरिश भाषेतील तिचे नाव 'कमॉन', म्हणजे वाकडी. आम्हाला आमची कमान आठवली आणि उगाचच जवळीक वाटली.

वाचकांसाठी खेळ थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून खांबांच्या मधून गेला तर एक गुण. चेंडूला स्लिटर म्हणतात. आत बूच, वर चामडे, वजन ११० ते १२० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून बराच हलका. जमिनीवरचा चेंडू हाताने उचलता येत नाही, तो काठीनेच उचलायचा. हातात धरून चारांहून अधिक पावले टाकता येत नाहीत, पण काठीच्या पात्यावर तोलून हवे तितके धावता येते. आणि हातातला चेंडू सोबत्याला द्यायचा असेल तर तो फेकायचा नाही, हाताने मारायचा. या शेवटच्या वाक्यापाशीच आमची कथा सुरू होते.

तेथे धर्मग्राम आणि खेळाचा संघ या जणू एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. १८८४ साली टिपरारीतीलच थर्ल्स या गावी मायकल क्यूसॅक, मॉरिस डेव्हिन आणि काही मोजक्या मंडळींनी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक तिचे आश्रयदाते झाले. डब्लिनच्या भव्य क्रोक पार्क मैदानाला त्यांचेच नाव आहे. गावोगावचे क्लब धर्मग्रामाच्या सीमेनुसार उभे राहिले आणि एका पिढीमागे अंतिम सामन्याचा चेंडू बिशपांच्या हस्ते मैदानात पडत असे. म्हणून नव्या फादरने मैदानावर येणे हे तेथील लोकांना अगदी स्वाभाविक वाटले. सेमिनरीत आम्ही हॉकी खेळत असू, हे आम्ही कोणाला तरी बोलून गेलो होतो. ते अंगाशी आले.

एका शनिवारी शेजारच्या धर्मग्रामाच्या मुलांशी सराव सामना होता; चौदा वर्षांखालील मुले. पंच आलेच नाहीत. प्रशिक्षकाने आमच्या हातात शिट्टी ठेवली आणि म्हणाला, "फादर, तुम्ही हॉकी खेळला आहात. पुरे." आम्ही नको म्हणायला हवे होते. म्हणालो नाही.

पहिला अर्धा तास बरा गेला. शेवटची दोन मिनिटे उरली असताना एक सडपातळ, लाल केसांचा मुलगा प्रतिस्पर्ध्यांच्या गोलपाशी पोहोचला. हा आमच्याच वेदीसेवकांपैकी एक. तिघांनी त्याला घेरले. त्या गर्दीतून त्याच्या हातातला चेंडू निसटून सोबत्याकडे गेला आणि सोबत्याने तो जाळ्यात मारला. आम्ही शिट्टी वाजवली. चेंडू मारला नाही, फेकला, असा निर्णय दिला. गोल रद्द. आमच्या धर्मग्रामाचा संघ एका गुणाने हरला. मुलाने आमच्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता तो आपल्या जागी परत गेला.

सामना संपल्यावर त्याचे आजोबा कुंपणापाशी भेटले. त्यांनी उभा जन्म हर्ली बनवण्यात घालवला होता. बोटे लाकडासारखीच कठीण. त्यांनी शांतपणे विचारले, "फादर, हात आणि चेंडू यांच्यामध्ये उजेड दिसला का तुम्हाला?" हाताने चेंडू मारायचा म्हणजे आधी तो क्षणभर हातातून सुटला पाहिजे आणि मग तळव्याचा फटका बसला पाहिजे, तो सुटलेला क्षण म्हणजे हा उजेड. आम्ही म्हणालो, "नाही दिसला. म्हणजे मी नीट पाहिले. उजेड नव्हताच." खरी गोष्ट अशी की आम्ही काहीच पाहिले नव्हते. मध्ये एका मुलाची पाठ होती. आम्ही अंदाज केला होता आणि अंगावर धर्मगुरूची गळपट्टी असताना तो अंदाज साक्ष म्हणून सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्साच्या वेळी तोच मुलगा द्राक्षारस आणि पाणी घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. त्या दिवशीचे प्रवचन आम्ही कसे केले ते आता आठवत नाही. पुढचा आठवडाभर आम्ही स्वतःशी वाद घालत राहिलो. पोरांचा सराव सामना, त्याचे काय एवढे, असेही मनाला सांगून पाहिले. अखेर पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर वस्त्रागारात त्याला थांबवून घेतले आणि सांगितले, "त्या दिवशी मी पाहिले नव्हते. पाहिले असे म्हणालो, ते खोटे होते." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, मी मारला की फेकला, ते मलाही नक्की ठाऊक नाही."

हे उत्तर आमच्या मनात तेव्हापासून घर करून बसले आहे. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही शिकलो होतो की गंभीर दोषासाठी जाणीव लागते आणि संमती लागते. येथे असा नियम होता की जो मोडला किंवा नाही हे पंचाला दिसत नव्हते, आणि मोडणाऱ्यालाही कळत नव्हते.

हर्लिंगचे नियम काळानुसार बदलावेत काय, असा वाद आयर्लंडमध्ये गेली काही वर्षे चालू आहे. तो आम्ही दुरूनच, पण आस्थेने पाहत आलो. वाद का पेटला, हे दोन सामन्यांच्या आकड्यांवरून कळेल. १९९९ च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात कॉर्कने किलकेनीला हरवले ते तेरा गुणांनी विरुद्ध बारा. गोल एकही नाही. २०२४ च्या अंतिम सामन्यात क्लेअरने कॉर्कला हरवले तेव्हा क्लेअरचे तीन गोल व २९ गुण, आणि कॉर्कचा एक गोल व ३४ गुण. म्हणजे ३८ विरुद्ध ३७. जादा वेळ धरूनही हा फरक थक्क करणारा आहे. काठ्या आखूड झाल्या, त्यांची पाती रुंद झाली, खेळाडूंची शरीरे व्यायामशाळेत घडू लागली आणि पूर्वी जेथून नुसता पुढे ढकलण्यासाठी चेंडू मारत तेथून, स्वतःच्याच अर्ध्या मैदानातून, आता गुण मिळवतात. जमिनीवरच्या चेंडूला न उचलता धावत्या गतीने फटका मारण्याची जुनी कला जवळजवळ लुप्त झाली. तिच्या जागी हातोहात चेंडू देत पुढे सरकण्याची पद्धत आली. लिमरिकच्या बलदंड संघाने २०२० ते २०२३ अशी सलग चार विजेतेपदे मिळवली, त्यांत या पद्धतीचाही वाटा होता. आणि चेंडू जितका अधिक हातोहात फिरतो तितका अधिक वेळा तो मारला जातो की फेकला जातो, हा प्रश्न उभा राहतो. आजोबांच्या काळी सामन्यात मोजक्या वेळा पडणारा प्रश्न आता मिनिटामिनिटाला पडतो.

जुन्या मंडळींचे म्हणणे असते की नियमांना हात लावू नका, खेळ पवित्र आहे. यांना इतिहास सांगावा लागतो. आरंभी संघात एकवीस खेळाडू असत. १८९२ मध्ये सतरा झाले, १९१३ मध्ये पंधरा. अगदी पहिल्या वर्षांत एक गोल कितीही गुणांना भारी असे. १८९२ मध्ये त्याची किंमत पाच गुण ठरली आणि १८९६ मध्ये तीन. अंतिम सामना साठ मिनिटांचा होता, १९७० पासून पाच वर्षे ऐंशी मिनिटांचा केला आणि १९७५ पासून सत्तर मिनिटांचा. ज्यांना आपण सनातन परंपरा म्हणतो त्यांपैकी पुष्कळशा आपल्या आजोबांच्या तरुणपणी नव्या होत्या. चर्चच्या बाबतीतही हा अनुभव आपल्याला नवा नाही.

दुसऱ्या टोकाला उतावळी मंडळी आहेत. तिकडच्या गेलिक फुटबॉलमध्ये २०२५ साली बरेच नवे नियम आणले गेले: चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या चेंडूला दोन गुण, प्रत्येक संघाने तीन खेळाडू पुढच्या अर्ध्यात ठेवलेच पाहिजेत, वगैरे. तो खेळ कंटाळवाणा झाला होता आणि या औषधाने त्याला तरतरी आली, असे बहुतेकांचे मत दिसते. लगेच हर्लिंगलाही तीच मात्रा द्या, अशी मागणी निघाली. आम्हाला ती पटत नाही. शेजाऱ्याचा ताप उतरला म्हणून त्याच्या गोळ्या आपल्या धडधाकट मुलाला कोणी देत नाही. फुटबॉलमध्ये प्रेक्षक झोपत होते. हर्लिंगच्या २०२४ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणापर्यंत कोणी खुर्चीवर बसलेले नव्हते. गोलाचे तीनऐवजी चार गुण करा, अमुक रेषेबाहेरून दोन गुण द्या, या सूचना आम्हाला दुकानाची पाटी रंगवण्यासारख्या वाटतात.

मैदानाबाहेरचा एकच निर्णय खेळ कोणाच्या मालकीचा राहील हे कसे ठरवतो, ते आम्ही आपल्या हॉकीत पाहिले आहे. १९७५ मध्ये विश्वचषक जिंकणारा भारत पुढच्याच वर्षी माँट्रियलला, कृत्रिम गवतावर, सातवा आला. ते गवत गरीब देशांच्या गावोगावी कोण अंथरणार होते? आमच्या सेमिनरीतील हॉकी लाल मातीवरच संपली. हर्लिंग तर जेमतेम दहाएक काउंट्यांत मनापासून खेळला जातो. खेळाडूंना मानधन नाही. शिक्षक, शेतकरी, सुतार दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला येतात. अशा खेळाचा नियम बदलताना दूरचित्रवाणीवर तो कसा दिसेल यापेक्षा गावच्या मैदानावर, कोणी नवशिका पंच असताना, तो पाळता येईल काय, हे आधी विचारले पाहिजे.

जे बदल आवश्यक होते ते उशिरा आले, असेही आमचे निरीक्षण आहे. डोक्यावर शिरस्त्राण सर्व वयाच्या खेळाडूंना सक्तीचे झाले २०१० मध्ये. त्याआधी कित्येकांनी डोळे आणि दात गमावले, तरी 'आम्ही असेच खेळत आलो' हे वाक्य चालत राहिले. २०१३ मध्ये कॉर्कचा गोलरक्षक अँथनी नॅश याने फ्री घेताना चेंडू उंच पुढे उडवून, सात-आठ मीटर पुढे जाऊन गोलवर मारण्याची युक्ती काढली. समोर उभ्या असलेल्यांच्या जिवावरच बेतायचे. २०१५ मध्ये नियम झाला की चेंडू वीस मीटरच्या रेषेच्या आत येऊन मारायचा नाही आणि पेनल्टीला गोलात एकटा रक्षक उभा राहील. येथे नियम बदलला ते योग्यच झाले. माणसाचे शरीर दावणीला लागले होते. निश्चित गोल हाणून पाडण्यासाठी मुद्दाम पाय घालणाऱ्याला दहा मिनिटे बाहेर बसवण्याचा २०२१ चा नियमही आम्हाला पटतो, जरी त्याच वर्षी क्लेअर आणि टिपरारी यांच्या सामन्यात तो लावल्यावरून रणकंदन माजले होते. आणि स्त्रियांच्या कॅमोगी या भगिनीखेळात तर नियम असा होता की मुलींनी स्कर्टवजा पोशाखच घालायचा. २०२५ च्या मे महिन्यात दोन संघांच्या मुली निषेध म्हणून अर्ध्या चड्ड्या घालून मैदानात उतरल्या, आणि त्याच महिन्यात संस्थेच्या विशेष सभेने ९८ टक्के मतांनी त्यांना मोकळीक दिली. इतके एकमत होते तर मग इतकी वर्षे तो नियम नेमका कोण सांभाळत होते, हे आम्हाला कळलेले नाही.

काही बदल तर कोणाला न विचारता येतात. हर्ली बनते अ‍ॅश या झाडाच्या बुंध्याच्या तळातून, जेथे खोड मुळाकडे वळते. त्या वळणातील धागेच काठीला वाक आणि बळ देतात. २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा घातक रोग आढळला आणि तो देशभर पसरला. आजोबांच्या कारखान्यामागची झाडे आम्ही पाहिली. शेंड्याकडून वाळत चाललेली. आता परदेशातून लाकूड येते आणि काही जण चक्क बांबूच्या हर्ली बनवतात. आजोबांनी अशी एक काठी आमच्या हातात देऊन विचारले, "तुमच्याकडचे गवत ना हे?" आम्ही हो म्हणालो. त्यांनी ती एकदा हवेत फिरवली, कान देऊन ऐकली आणि काही न बोलता ठेवून दिली. अ‍ॅशवर अ‍ॅश आदळल्याचा जो आवाज त्या खेळाची खूण मानला जातो, तो कोणत्याही नियमाने राखता येणार नाही.

एक धर्मगुरू येथे आठवतात. किलकेनीच्या सेंट कीरन्स कॉलेजातील फादर टॉमी मार. १९५७ ते १९७५ या काळात त्यांच्या मार्गदर्शनाखाली किलकेनीने सात वेळा अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले. ज्या काळी हर्लिंग रक्तातच असावे लागते असे मानत, त्या काळी त्यांनी एकेक कौशल्य सुटे करून शिकवले. नियमाच्या पुस्तकातील एक ओळही न बदलता त्यांनी खेळ बदलला. म्हणून आम्ही म्हणतो की पुष्कळ काही नियमांवाचून बदलते आणि नियम बदलायचा तो मोजक्याच ठिकाणी.

असे एक ठिकाण म्हणजे हा हाताचा फटका. टिपरारीच्या एका जुन्या खेळाडूने मांडलेली सूचना अशी की, ज्या हातात चेंडू आहे त्याच हाताने तो मारायचा नाही. एका हातातून सोडायचा आणि दुसऱ्या हाताने मारायचा. टीकाकार म्हणतात, दुसऱ्या हातात हर्ली असते, गर्दीत हे अवघड आहे, खेळाची गती मंदावेल. मंदावेल, हे खरे. पण मग खेळाडू हातोहात देण्याऐवजी चेंडू काठीने मारू लागतील, आणि खेळ मुळात काठीचाच आहे. दोन हात हलले की नाही, हे शेवटच्या बाकावरच्या आजीलाही दिसेल. पंचाने अंदाज करायचा नाही आणि मुलाने संशयात राहायचे नाही. असोसिएशनच्या वार्षिक काँग्रेसमध्ये नियम बदलायला साठ टक्के मते लागतात. आम्हाला तेथे मत नाही. असते तर याच एका ठरावाला दिले असते आणि बाकीच्यांच्या वेळी चहाला उठलो असतो.

आजोबा आणि आमच्यात याविषयी एकमत झाले नाही. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी गॉलवे आणि टिपरारी यांचा उपांत्य सामना होता. आम्ही त्यांच्या घरी दूरचित्रवाणीपुढे बसलो. शेवटच्या क्षणी गॉलवेच्या जो कॅनिंगने बाजूच्या रेषेजवळून चेंडू खांबांच्या मधून पार केला आणि टिपरारी एका गुणाने हरली. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. वस्त्रागारातली गोष्ट नातवाने त्यांना सांगितली होती, हे आम्हाला तेव्हाच कळले, कारण ते उठता उठता म्हणाले, "नियम तोच राहू द्या, फादर. पंचाने 'मला दिसले नाही' म्हणायला शिकले तरी पुरे." आम्ही म्हणालो, पंच असे म्हणाला तर सामना पुढे चालणार कसा? ते म्हणाले, "माझ्या वडिलांच्या वेळी चालत होता."

२०२५ च्या २० जुलैला, रविवारी, आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले असताना अंतिम सामना सुरू झाला. आमच्या येथील युवक संघाची चारपाच मुले सभेनंतर रेंगाळली होती. त्यांना घेऊन आम्ही कार्यालयातील संगणकावर तो पाहिला. मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे होता. उत्तरार्धात त्यांना अवघे दोन गुण मिळाले आणि टिपरारीने तीन गोल व २७ गुणांसह विजेतेपद नेले. मुले आरडाओरडा करत होती. त्यांना नियम समजले होते तेवढे पुरेसे होते. उत्तरार्धात एकदा निळ्या-सोनेरी पोशाखातील एका खेळाडूने गर्दीतून चेंडू सोबत्याकडे दिला. आमच्या बाजूला बसलेला मुलगा ताडकन म्हणाला, "फादर, तो फेकला ना? मारला नाही!"

सगळे आमच्याकडे पाहू लागले.

"मला दिसले नाही," आम्ही म्हणालो.